टक्के कशाचे?

पत्र थोडक्यात

सिडकोत राहणारी एकोणीस वर्षांची मुलगी, नाशिकच्या एका कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. शाखेबाहेरचा एक विषय घ्यावाच लागतो. बाकी वर्ग भरलेले, म्हणून तिच्या वाट्याला ‘व्यवहारातलं गणित’ हा दोन क्रेडिटचा विषय आला. दहावीला गणितात ४१ पडले, तेव्हाच तिने गणिताला रामराम ठोकला होता. कॉमर्सच्या मैत्रिणी “पाचवीचं गणित शिकायला कॉलेजात जातेस होय?” म्हणून हसतात. आणि तेच पाचवीचं गणित पटकन येत नाही, म्हणून ही मागच्या बाकावर बसते.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी कर्जाच्या व्याजाचं उदाहरण फळ्यावर मांडलं आणि हिच्या पोटात गोळा आला. दोन महिन्यांपूर्वी तिच्या दादाने मोटरसायकल घेतली. ९० हजारांचं कर्ज, तीन वर्षं, ‘१० टक्के फ्लॅट’, महिन्याला ३,२५० हप्ता. घरात शिकलेली ही, म्हणून कागद हिने वाचला आणि “दहाच टक्के आहे, कर सही” असं सांगितलं. आता कळतंय की ते दहा नव्हते. आई भाजीची गाडी लावते, चौथी शिकलेली. घरात अजून कुणाला काही माहीत नाही.

“ताई, माझं डोकं गणिताचं नाहीच. फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहे, मग या वयात हे शिकून लाज का काढून घेऊ? महिनाअखेरपर्यंत विषय बदलता येतो, योगाच्या वर्गात दोन जागा रिकाम्या झाल्यात. बदलू का? आणि दादाला सांगू का?”

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू विचारतेस विषय बदलण्याबद्दल, पण पत्रातली सगळी शाई सांडली आहे त्या सहीवर. म्हणून आधी तिथेच जाऊ.

कागदावर १० टक्के लिहिलं होतं, तू १० टक्के वाचलंस. तुझ्या वाचण्यात चूक नव्हती. ‘टक्के कशाचे?’ हा एक प्रश्न विचारायचा राहिला. तुझ्या सरांनी फळ्यावर मांडलंच आहे, तरी हा कागद ज्यांच्या घरात आहे अशा बाकीच्या वाचकांसाठी मी पुन्हा मांडते.

फ्लॅट म्हणजे तिन्ही वर्षं व्याज पूर्ण ९० हजारांवर. वर्षाचे ९ हजार, तीन वर्षांचे २७ हजार. दोन्ही मिळून १ लाख १७ हजार, भागिले ३६ महिने, आला हप्ता ३,२५०. आकडे चोख आहेत. पण ९० हजार दादाकडे तीन वर्षं राहणार आहेत का? तो पहिल्या हप्त्यापासून फेडायला लागला. प्रत्येक हप्त्यात मुद्दलाचे २,५०० आणि व्याजाचे ७५०. दीड वर्षाने मुद्दल निम्म्यावर येईल, ४५ हजारांवर, व्याज मात्र तेच ७५०. आता शेवटच्या महिन्याकडे बघ. मुद्दल उरलंय अडीच हजार आणि त्यावर एका महिन्याचं व्याज साडेसातशे. शेकडा तीस! गावाकडे कुणी शेकडा तीनने पैसे दिले तर आपण त्याच्या नावाने बोटं मोडतो.

(फायनान्सवाल्यांच्या उताऱ्यात ही फोड वेगळी दिसेल, सुरुवातीला व्याज जास्त आणि शेवटी कमी. हप्ता तोच आणि एकूण भरणाही तोच, म्हणून माझा मुद्दाही तोच.)

हेच १० टक्के घटत्या मुद्दलावर असते, तर हप्ता २,९०४ च्या आसपास बसला असता. महिन्याला साधारण साडेतीनशेचा फरक, तीन वर्षांत साडेबारा हजारांच्या जवळपास. उलटीकडून मोजलं तर फ्लॅटचे १० म्हणजे घटत्या हिशेबाने जवळजवळ १८ टक्के.

आता माझी गोष्ट. मला दहावीला गणितात १५० पैकी १३२ होते, तेव्हा १५० चा पेपर असायचा. आमच्या घरी एक एजंट आला, ओळखीतलाच. चहा झाला. म्हणाला, “मॅडम, दहा वर्षांत दामदुप्पट. शंभरावर शंभर सुटले दहा वर्षांत, म्हणजे वर्षाला दहा टक्के झाले की नाही?” मी मान डोलावली आणि चेक फाडला. दहा वर्षांत दुप्पट व्हायला चक्रवाढीने सव्वासात टक्केसुद्धा लागत नाहीत. ७२ ला वर्षांनी भागलं की साधारण दर निघतो, ही युक्ती मला पुढे कितीतरी वर्षांनी एका शिपायाने शिकवली. त्याच वेळी बँकेच्या साध्या ठेवीवर साडेआठ मिळत होते. माझे १३२ मार्क चहाच्या कपाशेजारी बसून राहिले, काही बोलले नाहीत.

म्हणून ‘माझं डोकं गणिताचं नाही’ हे तुझं वाक्य मला तपासून घ्यावंसं वाटतं. तुला ४१ मिळाले त्या पेपरात काय होतं? वर्गसमीकरणं, वर्तुळाच्या स्पर्शिका, त्रिकोणमिती. त्यात हप्त्याचा कागद नव्हता, विजेचं बिल नव्हतं, सातबारा नव्हता. ज्या गणिताची तुझी कधी नीट परीक्षाच झाली नाही, त्यात तू स्वतःला नापास करून मोकळी झालीस.

आणि तुझ्या घरात डोकं नाही म्हणतेस, तर आईकडे बघ. तू सहज लिहून गेलीस की आईला हिशेबाला फोन लागत नाही, ती ‘कसं तरी तोंडी करते’. कसं तरी? ८० रुपये किलोची गवार कुणी पावणेदोन किलो मागितली, तर तू फोन काढून १.७५ गुणिले ८० करशील. आई म्हणेल, दोन किलोचे एकशेसाठ, पाव किलोचे वीस काढले, एकशेचाळीस. तेवढ्यात तिने गवार पिशवीत ओतलेली असते. जवळची सोपी संख्या धरायची आणि फरक नंतर सोडवायचा. तुझे सर हीच रीत शिकवतील, तेव्हा तिला काहीतरी भारदस्त नाव असेल. आपल्याकडे पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घ्यायचे. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणायचे. पोरांना छळायला नव्हे, बाजारात पाव-अर्धा-पाऊण हेच चालतं म्हणून. आईला हे शाळेने दिलं की गाडीने, विचार तिला.

आता ‘पाचवीचं गणित’. यात तुझ्या मैत्रिणींचं अर्धं बरोबर आहे. गुणाकार-भागाकार, टक्के, सरासरी, गुणोत्तर, यात प्राथमिक शाळेपलीकडचं फार नसतं. अवघड काय असतं, तर कशाला कशाने भागायचं ते ठरवणं. पाचवीच्या पुस्तकात ते ठरवून दिलेलं असतं, बाहेर कुणी ठरवून देत नाही.

आमच्या शेजारच्या काकू विजेच्या बिलाच्या तारखेआधी दोन-तीन दिवस फ्रीज बंद ठेवायच्या. त्यांची पक्की समजूत, की १०० युनिटच्या पुढे एक जरी युनिट गेलं तर सगळंच बिल वरच्या दराने लागतं. तसं नसतं. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. समजा पहिल्या १०० ला ५ रुपये आणि पुढच्यांना १० रुपये दर धरला, तर १०५ युनिटांचे ५०० अधिक ५० असे साडेपाचशे होतील, एक हजार पन्नास नाही. काकूंना गुणाकार उत्तम यायचा. फ्रीजमधलं दूध मात्र दर महिन्याला नासायचं.

सातबाऱ्याचंही तसंच. क्षेत्र लिहिलेलं असतं हेक्टर-आरमध्ये आणि घरात बोलणं चालतं एकर-गुंठ्यात. ८० आर म्हणजे दोन एकर, असं सगळे सर्रास धरतात. एकराचे ४० गुंठे, पण गुंठा आरापेक्षा किंचित मोठा, म्हणून ८० आरचे ७९ गुंठेच होतात. एका गुंठ्यावरून भाऊबंदकी झालेली तूही पाहिली असशील.

आणि नाशिकच्या माणसाने क्युसेकबद्दल तरी फसू नये. पावसाळ्यात बातमी येते, गंगापूर धरणातून ३,००० क्युसेक पाणी सोडलं. ऐकणाऱ्याला वाटतं, सोडलं तेवढं पाणी, संपलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. तो वेग आहे, किती वेळ सोडलं हे कळल्याशिवाय पाणी किती ते कळतच नाही. ३,००० क्युसेकने दिवसभर सोडलं तर साधारण २६० दशलक्ष घनफूट जातं. धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट. म्हणजे वरून थेंबही आला नाही, तर भरलेलं धरण तीन आठवडे वाहील. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, उभा असलेला माणूस हा हिशेब करत नाही, तो पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी गुडघ्याला आहे, कमरेला आहे की छातीला, तेवढं त्याला पुरतं. नदीची उंची मोजायची आमची पट्टी तीच, आणि ती वाचायला नाशकात कुणी शिकवणी लावत नाही. दर म्हणजे काय, साठा म्हणजे काय, हे वेगळं करायला मात्र थोडं बसावं लागतं. दादाचा १० टक्के हा असाच दर होता, ज्याला ‘कशावर’ आणि ‘किती दिवस’ हे विचारल्याशिवाय काही अर्थ नव्हता.

म्हणून फोनचा मुद्दा मी अर्धाच मान्य करते. गुणाकार फोनवर कर, खुशाल कर. सात नव्वे त्रेसष्ट चटकन आठवलं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. पण सहीच्या दिवशीही तुझ्याजवळ फोन होता. त्यात काय टाकायचं ते माहीत नव्हतं, म्हणून तो खिशात राहिला. हप्ता गुणिले महिने, वजा कर्ज. ३,२५० गुणिले ३६, वजा ९० हजार. एवढं दाबलं असतंस तर २७ हजार पुढ्यात आले असते, आणि मग तूच विचारलं असतंस की ९० वर २७ कसे.

एक सवय मात्र आजपासून लाव: आधी अंदाज, मग फोन. ३,२५० गुणिले ३६ दाबण्याआधी मनात म्हणायचं, तीन हजार छत्तिसा एक लाख आठ हजार, म्हणजे उत्तर याच्या थोडं वर. फोनने ११ हजार सातशे दाखवले तर शून्य राहिलं हे लगेच कळेल. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, तो लिहून ठेवायचा. महिन्याभराने मागे वळून बघशील तेव्हा चुकीचं अंतर कमी झालेलं दिसेल. वहीत दिसलेला तो फरक परीक्षेच्या मार्कांपेक्षा जास्त धीर देतो, हे मी स्वतः केलंय म्हणून सांगते.

मग विषय बदलू नकोस असंच मी सांगणार का? बहुतेक हो, पण डोळे झाकून नाही. योगात वाईट काही नाही. आईच्या भाजीच्या गाडीवर तुला थांबावं लागत असेल तर त्या वेळा आणि या तासाच्या वेळा एकमेकींवर येत असतील, किंवा सर नुसती सूत्रं लिहून देऊन घोकून घेत असतील, तर बदलण्यात शहाणपण आहे. पण तुझ्याच पत्रावरून तसं दिसत नाही. ज्या माणसाने तिसऱ्याच आठवड्यात फ्लॅट दर फळ्यावर घेतला, त्याला काय शिकवायचं ते कळतं. असे सर फार वेळा वाट्याला येत नाहीत. आणि दोन क्रेडिट म्हणजे तीसेक तास. त्यातल्या एका तासाने तुला साडेबारा हजारांची गोष्ट सांगितली.

पोलीस भरती द्यायचं मनात आहे असंही तू शेवटी लिहिलंस. त्या लेखी परीक्षेत अंकगणित आहेच, तेव्हा हा विषय टाळून तो विषय टळणार नाही. फक्त गल्लत करू नकोस. भरतीला वेग लागतो, त्यासाठी वेगळा सराव हवा, घड्याळ लावून. या वर्गात तू सावकाशपणा शिक. आधी रस्ता कळू दे, मग पळ.

मागचा बाक सोड. एकदम पहिल्यावर नको, तिसऱ्यावर ये, जिथून सरांना तुझा चेहरा दिसतो. चांगले मास्तर चेहऱ्यावरून थांबतात. तुझ्यासारख्याच गप्प बसलेल्या एक-दोघी असतीलच (असतातच), त्यांना गाठ आणि घरचा एकेक कागद घेऊन या: विजेचं बिल, गॅसची पावती, वडिलांची पगाराची स्लिप, कुणाच्या भिशीचा हिशेब. लिलावाच्या भिशीत कोण किती व्याजाने पैसे उचलतं, हे एकदा कागदावर मांडून बघा, अर्धा महिना पुरेल. न कळलेलं विचारताना “सर, कळलं नाही” असं मोघम म्हणू नकोस, त्याने पुन्हा तेच सगळं ऐकावं लागतं. “९० हजारांना ३ ने का गुणलं?” असं नेमकं विचार. असा प्रश्न विचारला की अर्ध्या वर्गाची मान हळूच वर येते.

मैत्रिणींशी वाद घालू नकोस. फार चिडवायला लागल्या तर एवढंच विचार: लासलगावला कांदा २,००० रुपये क्विंटल होता, ५० टक्के चढला, मग ५० टक्के उतरला, आता भाव काय? ज्या “२,००० च की” म्हणतील त्यांना पुढच्या तासाला सोबत ने. (१,५०० होतो. चढले ते दोन हजारांचे ५० टक्के, उतरले ते तीन हजारांचे. पुन्हा तेच, कशाचे.) दुकानातल्या ‘५० टक्के अधिक २० टक्के सूट’ या पाटीची गोष्टही हीच. सत्तर नाही, साठ.

राहिला दादा. सांग, आणि या आठवड्यातच सांग. सही त्याची आहे, हप्ता त्याच्या पगारातून जातो, तेव्हा हे कळण्याचा हक्क त्याचा आहे. तुला वाटतंय तेवढा तो चिडणार नाही. चिडला तरी साडेतीनशे रुपये महिन्याचा राग फार दिवस टिकत नाही. पण रिकाम्या हाताने ‘माझं चुकलं’ म्हणत जाऊ नकोस, कागद घेऊन बस.

कर्जाबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा एक कागद मिळाला असेल. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेने तो बंधनकारक केला आहे, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो. त्यात एपीआर असा एक आकडा असतो. व्याज आणि वरची फी धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, ते त्यात दिसतं. तिथे १८ च्या आसपास किंवा त्याहून थोडं वर दिसेल. कागद मिळालाच नसेल तर दादाने जाऊन मागावा. तोंडी नको, लेखी.

मग करारात बघा, कर्ज आधी बंद केलं तर आकार किती आणि पुढचं व्याज सोडतात का. एखाद्या बँकेने किंवा पतसंस्थेने खरोखर घटत्या मुद्दलावर १० टक्क्यांनी उरलेली रक्कम दिली, तर फार तर दहा-अकरा हजार वाचतील. त्यातून बंद करण्याचा आकार आणि नव्या कर्जाची प्रोसेसिंग फी वजा करा. तीन-चार हजारांच्या खाली येत असेल तर धावपळ करू नका, आहे ते नीट फेडा. जास्त सुटत असतील तर दादाने एक दिवसाची रजा टाकायला हरकत नाही. हे गणित तू मांड आणि सरांकडून तपासून घे. खरं उदाहरण आणणारा विद्यार्थी कुठल्याही शिक्षकाला आवडतो.

आणि आईला आठवणीने विचार, पावणेतीन किलोचा भाव ७० ने सांगायचा झाला तर ती मनात कुठून सुरू करते. मी अजून बोटं मोजते. कळलं की मला एका ओळीत लिहून पाठव.

तुझी,
ताई